पूर, वादळ, भूकंप, दरड: घरविमा कशाचे पैसे देतो, कशाचे नाही, आणि दावा कसा करायचा

दोन घरांच्या भिंतींना सारखाच तडा जातो. पहिलं घर डोंगरउतारावर आहे आणि पावसाळ्यात खालची जमीन सरकली आहे. दुसरं घर भराव घातलेल्या प्लॉटवर आहे आणि तो भराव हळूहळू बसत गेला आहे. तडा तेवढाच, दुरुस्तीचा खर्चही तेवढाच. पहिल्या घराला विम्याचे पैसे मिळतात, दुसऱ्याला नाही.

घरविम्याबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर मी ही सांगेन: कंपनी नुकसान किती झालं हे नंतर पाहते, ते कशामुळे झालं हे आधी पाहते. पॉलिसीत कारणांची यादी असते. आपलं कारण त्या यादीत बसलं पाहिजे आणि ते आपल्याला दाखवता आलं पाहिजे. पुढचं सगळं या दोन गोष्टींसाठीच लिहिलं आहे.

महाराष्ट्रात राहणाऱ्याला हा विषय लांबचा नाही. १९६७ चा कोयनेचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा, २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात पडलेला ९४४ मिलिमीटर पाऊस, २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा महापूर, जून २०२० मधलं निसर्ग चक्रीवादळ, जुलै २०२१ मध्ये चिपळूणचा पूर आणि त्याच दिवसांत तळियेवर कोसळलेली दरड. प्रत्येक वेळी लोकांची भिस्त सरकारी मदतीवर राहिली. ती मिळायलाच हवी, पण तिचा आकार माहीत असू द्या. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांप्रमाणे पूर्ण पडलेल्या पक्क्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार रुपये ठरवले होते. तेवढ्यात आज दोन खोल्यांचा स्लॅबही होत नाही.

आधी हातातला कागद तपासा

गृहकर्ज घेतलेल्या अनेकांना वाटतं की बँकेनं विमा काढलेलाच आहे. कागद उघडून पाहा. पुष्कळदा तो कर्जदाराच्या जीवनाचा विमा असतो, म्हणजे कर्जदाराचा मृत्यू झाला तर कर्ज फेडणारा. घर पुरात गेलं तर त्यातून एक रुपयाही मिळत नाही. कागदावर ‘घराची इमारत’ आणि तिची विमा रक्कम, म्हणजे जास्तीत जास्त किती पैसे मिळतील तो आकडा, लिहिलेली नसेल, तर तुमच्या घराचा विमा उतरलेला नाही असंच समजा.

घराचा विमा खरोखर असेल तर तो कोणत्या नावाचा आहे ते बघा. विमा नियामक आयआरडीएआयने १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारखी पॉलिसी देणं बंधनकारक केलं. मूळ मजकूर सगळीकडे तोच, हप्ता आणि जादा संरक्षणं मात्र कंपनीगणिक वेगळी. या लेखात मी याच पॉलिसीबद्दल बोलतो आहे. आधीच्या फायर पॉलिसीत भूकंपासाठी जादा हप्ता भरावा लागे आणि पूर-वादळ वगळून हप्ता कमी करून घेण्याचीही सोय होती. नव्या पॉलिसीत ही दोन्ही संरक्षणं मूळ हप्त्यातच आहेत.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर सोसायटीच्या सचिवांकडे पॉलिसीची प्रत मागा. सोसायटीचा विमा साधारणपणे इमारतीपुरता असतो. तुमचा फ्रिज, कपाट, गाद्या, लॅपटॉप त्यात धरलेले नसतात. त्यांचा विमा तुम्हालाच काढावा लागतो, आणि इमारतीशिवाय नुसत्या सामानाचा विमाही काढता येतो.

यादीत कोणत्या नैसर्गिक आपत्ती आहेत

वीज पडणे, भूकंप, ज्वालामुखी, वादळ, चक्रीवादळ, त्सुनामी, पूर आणि पाणी साचून घरात शिरणे, जमीन खचणे, दरड कोसळणे, वणवा. यांच्या जोडीला आग आणि स्फोट आहेतच. नैसर्गिक आपत्तीत उपयोगी पडणारी आणखी तीन कारणं बहुतेकांच्या नजरेतून सुटतात.

पहिलं, बाहेरची वस्तू घरावर आदळणं. माड छपरावर पडला, शेजारच्या गच्चीवरचा पत्रा उडून तुमच्या खिडकीत घुसला, कुणाची भिंत तुमच्या भिंतीवर कोसळली, हे सगळं यात येतं. वादळ होतं की नव्हतं हे इथे सिद्ध करत बसावं लागत नाही. झाड शांत हवेत पडलं तरी दावा उभा राहतो.

दुसरं, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं, भरून वाहणं.

तिसरं, अशा घटनेनंतर सात दिवसांच्या आत तिच्यामुळे झालेली चोरी. पूर आला, तुम्ही नातेवाइकांकडे गेलात, दार मोडकळीला आलेलं होतं आणि मागे कुणी गॅसची शेगडी उचलून नेली, तर तो दावा करता येतो. त्यासाठी पोलिसांत तक्रार नोंदवलेली हवी. आठव्या दिवशी झालेली चोरी यात बसत नाही, म्हणून घर सोडावं लागलं तरी पहिल्या आठवड्यातच एकदा कुणाला तरी पाठवून पाहणी करून घ्या.

‘घर’ या शब्दात काय येतं हेही वाचा. कंपाउंडची भिंत, फाटक, गॅरेज, व्हरांडा, सेप्टिक टँक, गोबर गॅसचं संयंत्र, पाण्याची पक्की टाकी आणि छतावरचे सोलर पॅनल हेसुद्धा घराच्या इमारतीचे भाग धरले जातात. वादळात सर्वांत आधी उडतात ते सोलर पॅनल आणि कोसळते ती कंपाउंडची भिंत. विमा रक्कम ठरवताना त्यांची किंमत विसरू नका.

जिथे दावे अडतात

हा भाग सावकाश वाचा. वाद होतात ते इथेच.

जमीन खचणे आणि दरड ही कारणं यादीत आहेत, पण त्यांना अपवाद जोडलेले आहेत. नव्या बांधकामाला साधारणपणे जाणारे तडे, नवं बांधकाम बसणं, भरावाची जमीन बसणं किंवा हलणं, चुकीचा आराखडा, निकृष्ट साहित्य किंवा काम, आणि बांधकाम, पाडकाम, खोदकामामुळे झालेलं नुकसान, यांतलं काहीही कारण निघालं तर पैसे मिळत नाहीत. डोंगर कापून रस्ता किंवा बंगले होत असलेल्या ठिकाणी हे फार महत्त्वाचं आहे. वरची दरड पावसानं सुटली की खालच्या खोदकामामुळे, हा प्रश्न सर्वेअर, म्हणजे नुकसान तपासायला कंपनीनं नेमलेला तज्ज्ञ, विचारणारच. तुमच्या घराच्या वर किंवा खाली खोदकाम सुरू झालं की ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला लेखी कळवून पोच घेऊन ठेवा. दावा मिळेलच याची ती हमी नाही, पण उतार आधी कसा होता आणि काम कधी सुरू झालं याची तारखेसकट नोंद तुमच्याकडे राहते.

किनाऱ्यावरच्या आणि नदीकाठच्या लोकांसाठी आणखी एक अपवाद आहे. समुद्रानं किंवा नदीनं काठ खात जाणं, म्हणजे धूप, संरक्षणात नाही. समुद्र दरवर्षी दोन-चार फूट आत येतो आणि एके वर्षी गडग्यासकट ओटा जातो, तेव्हा कंपनी त्याला धूप म्हणेल. चक्रीवादळाच्या एका रात्रीत उधाणाचं पाणी घरात शिरून भिंत पडली तर ते वादळ आणि पूर. फरक वेळेचा आहे: अचानक झालं की हळूहळू. काठावर घर असेल तर दर पावसाळ्यापूर्वी त्याच जागेवरून काठाचा फोटो काढून ठेवा. वादळापूर्वी काठ कुठे होता हे त्या फोटोतून दिसतं.

ओल आणि गळती. माझ्या स्वतःच्या फ्लॅटच्या पश्चिमेच्या भिंतीतून सलग तीन पावसाळे पाणी झिरपलं, लाकडी कपाट फुगलं आणि मी विम्याचा दावा केला. तो नाकारला गेला. तेव्हा राग आला होता. पॉलिसी नीट वाचल्यावर पटलं की नाकारणं बरोबर होतं, कारण भिंतीचं वॉटरप्रूफिंग संपलेलं होतं आणि पाऊस नेहमीचाच होता. झीज, वय, देखभालीचा अभाव यांचा खर्च विमा उचलत नाही. पण वादळी वाऱ्यानं कौलं उडाली आणि त्या भगदाडातून आलेल्या पावसात गाद्या भिजल्या, तर पाणी पावसाचं असलं तरी मूळ कारण वादळ आहे, आणि गाद्यांसकट दावा होतो. म्हणून अर्जात ‘पावसाचं पाणी आत आलं’ एवढंच कधीही लिहू नका. कौलं कधी उडाली, कुठली उडाली, पाणी कुठून आलं, हा क्रम लिहा.

वीज पडून झालेल्या नुकसानीत तर बहुतेक जण चकतात. वीज पडून भिंत फाटली किंवा आग लागली तर ते संरक्षणात आहे. पण विजेच्या उपकरणांबद्दल वेगळा अपवाद आहे: शॉर्ट सर्किट, जादा दाब, आपोआप तापणं किंवा वीजगळती यामुळे जळालेलं उपकरण भरून मिळत नाही, आणि या गळतीचं मूळ कारण आकाशातली वीज असलं तरीही नाही. हा अपवाद फक्त त्या उपकरणापुरता आहे. टीव्ही आतून जळाला तर टीव्हीचे पैसे नाहीत. त्याच टीव्हीनं पेट घेऊन पडदे आणि सोफा जळाला तर पडद्यांचे आणि सोफ्याचे आहेत. उपकरणांसाठी वेगळं जादा संरक्षण बऱ्याच कंपन्या देतात. विजा वारंवार पडणाऱ्या भागात ते मागून घ्या.

रोख रक्कम, न जडवलेले हिरे-माणकं, सोन्याची वळी, महत्त्वाची कागदपत्रं यांचे पैसे मिळत नाहीत. दागिने, चांदीची भांडी, चित्रं यांचा विमा स्वतंत्र मागावा लागतो आणि त्यांची किंमत कंपनीशी आधीच ठरवून घ्यावी लागते. अंगणातली गाडी घरविम्यात येत नाही. पुरात बुडालेल्या गाडीसाठी वाहनाचा सर्वंकष विमा लागतो, नुसता थर्ड पार्टी विमा उपयोगाचा नाही.

विमा रक्कम कशी ठरवायची

घर बाजारात किती किमतीला विकलं जाईल हा आकडा इथे लागत नाही. जमीन पुरात वाहून जात नाही, म्हणून जमिनीची किंमत धरायची नाही. घर पडलं तर तसंच पुन्हा बांधायला आज किती लागेल तेवढंच धरायचं. पॉलिसीतला हिशेब साधा आहे: कार्पेट एरिया गुणिले बांधकामाचा दर.

उदाहरणापुरता आकडा घेऊ. कार्पेट एरिया ७० चौरस मीटर आणि तुमच्या भागात बांधकामाचा दर चौरस मीटरला २५ हजार रुपये. इमारतीची रक्कम होते साडेसतरा लाख. कंपाउंड, सोलर, गॅरेज यांचा खर्च त्यात मिळवा. दरासाठी ओळखीच्या ठेकेदाराला किंवा इंजिनिअरला विचारा, त्याच्याकडून दोन ओळी लिहून घ्या आणि त्या पॉलिसीसोबत ठेवा.

इमारत आणि सामान असा एकत्र विमा घेतला तर सामानाचं संरक्षण आपोआप इमारतीच्या रकमेच्या २० टक्के मिळतं, कमाल १० लाखांपर्यंत. आपल्या उदाहरणात साडेतीन लाख. घरात सामान त्याहून जास्त किमतीचं असेल तर यादी देऊन रक्कम वाढवून घेता येते.

या पॉलिसीतल्या दोन तरतुदी घरमालकाच्या खऱ्या फायद्याच्या आहेत. एक, विमा रक्कम कमी लावली म्हणून दाव्यात त्या प्रमाणात कपात होत नाही. जुन्या पॉलिसीत घराची किंमत वीस लाख आणि विमा दहा लाखांचा असेल तर चार लाखांच्या नुकसानीला दोनच लाख मिळत. ती कपात आता नाही. पण पूर्ण नुकसान झालं तर विमा रकमेच्या वर काही मिळत नाही, तेव्हा मुद्दाम कमी रक्कम लावण्यात शहाणपण नाही. दोन, इमारतीची विमा रक्कम वर्षाला १० टक्के दरानं आपोआप वाढते आणि त्यासाठी जादा हप्ता लागत नाही. पॉलिसी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी घेता येते. दरवर्षी नूतनीकरण विसरणाऱ्यांना लांब मुदतीची घ्या असंच मी सांगतो. हप्ता चुकल्याच्या वर्षीच पूर आला तर काही करता येत नाही.

दुरुस्तीशिवाय आणखी तीन खर्च याच पॉलिसीत आहेत. ढिगारा उचलण्यासाठी दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत, आर्किटेक्ट-इंजिनिअरच्या फीसाठी ५ टक्क्यांपर्यंत, आणि घर राहण्याजोगं नसेल तोवरचं दुसऱ्या घराचं भाडं. घर भाड्यानं दिलेलं असेल तर बुडालेलं भाडं. हे खर्च मागितल्याशिवाय कुणी आठवण करून देत नाही.

अर्ज भरताना

एजंट फॉर्म भरतो आणि आपण सही करतो, तसं इथे करू नका. भिंती कशाच्या, छप्पर कशाचं, घर किती जुनं, घरात फक्त राहता की खाली दुकान किंवा गोदाम आहे, हे खरं लिहा. पत्र्याच्या किंवा लाकडी फळ्यांच्या घराला पक्कं घर म्हणून दाखवलं तर हप्ता वाचेल, पण दाव्याच्या दिवशी सर्वेअरला घर डोळ्यांनी दिसणारच आहे. नंतर घराचा वापर बदलला, मजला चढवला किंवा घर बरेच महिने बंद ठेवणार असाल, तर कंपनीला लेखी कळवा.

पॉलिसी आल्याच्या दिवशीच मोबाइलवर घराचा एक सलग व्हिडिओ काढा. प्रत्येक खोली, उघडी कपाटं, उपकरणांच्या मागचे नंबर, छप्पर, बाहेरच्या चारही बाजू. वर्षाची दहा मिनिटं जातील. तो व्हिडिओ आणि मोठ्या वस्तूंच्या बिलांचे फोटो ईमेलवर टाकून ठेवा. बिलं कपाटातच असतात आणि पुरात सगळ्यात आधी तीच भिजतात.

घटना घडली की

आधी माणसं बाहेर. पाणी ओसरल्यावरही मेन स्विच बंद आहे याची खात्री झाल्याशिवाय आत पाऊल टाकू नका, आणि वायरमननं तपासल्याशिवाय वीज चालू करू नका.

त्यानंतर, चिखल काढण्याआधी फोटो. हे सांगणं मला जड जातं, कारण पुरानंतर माणसाला पहिल्यांदा घर धुऊन काढावंसं वाटतं आणि ते स्वाभाविकच आहे. तरीही अर्धा तास थांबा. भिंतीवरची पाण्याची रेघ हा तुमचा सर्वांत मोठा पुरावा आहे. रेघेशेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा. प्रत्येक खोलीचा दारातून एक आणि जवळून दोन-तीन. घराबाहेरचा रस्ता, शेजारची घरंही घ्या, म्हणजे पाणी सगळ्या भागात आलं होतं हे दिसतं.

त्याच दिवशी कंपनीला फोन करा आणि पाठोपाठ ईमेल किंवा व्हॉट्सअॅप संदेश पाठवून दावा क्रमांक घ्या. नुसत्या फोनवर राहू नका. दाव्याचा फॉर्म नुकसान कळल्यापासून ३० दिवसांच्या आत द्यायचा असतो.

नुकसान वाढू नये म्हणून जे करावं लागतं ते करायलाच हवं: छपरावर ताडपत्री, धोकादायक भिंतीला टेकू, कोरडं राहिलेलं सामान वरच्या मजल्यावर. या खर्चाच्या पावत्या ठेवा. पण खराब झालेलं सामान सर्वेअर पाहून जाईपर्यंत टाकून देऊ नका. नगरपालिकेची गाडी कचरा उचलायला आली आणि थांबणं शक्यच नसेल, तर प्रत्येक वस्तूचा फोटो, कंपनी आणि मॉडेल नोंदवा आणि कंपनीला तसं लिहून कळवा.

तलाठ्याचा पंचनामा होत असेल तर त्याची प्रत मागून घ्या. सरकारी मदतीसाठी केलेला तो पंचनामा विम्याच्या दाव्यातही कारणाचा पुरावा ठरतो. त्यावर ‘अतिवृष्टी’ लिहिलंय की ‘पूर’ हे वाचल्याशिवाय सही करू नका. तुमच्या घरात नदीचं पाणी आलं असेल तर तसं लिहायला सांगा. हवामान खात्याची त्या दिवसाची पावसाची आकडेवारी आणि स्थानिक वर्तमानपत्राची कात्रणंही जोडा. आग लागली असेल तर अग्निशमन दलाचा दाखला लागतो.

सर्वेअर हा परवानाधारक तज्ज्ञ असतो आणि कंपनी त्याला नेमते. तो येईल तेव्हा घरी स्वतः थांबा. खोलीवार यादी हातात द्या: वस्तू, खरेदीचं वर्ष, आज तशीच नवी घ्यायला लागणारी किंमत. इमारतीसाठी ठेकेदाराचं कामवार अंदाजपत्रक द्या. ‘दुरुस्ती, एकूण तीन लाख’ अशा एका ओळीला काही किंमत नसते. प्लास्टर किती चौरस फूट, वायरिंग किती पॉइंट, दारं किती, असं हवं. तो काय पाहून गेला याचा त्याच संध्याकाळी त्याला एक ईमेल करा.

घरावर कर्ज असेल तर इमारतीच्या दाव्याची रक्कम आधी बँकेकडे जाऊ शकते. दुरुस्तीसाठी ती सोडण्याबद्दल बँकेशी आधीच बोलून घ्या.

दावा नाकारला किंवा कापला तर

नकार लेखी मागा आणि त्यात पॉलिसीचं कोणतं कलम लावलं आहे ते विचारा. मग पॉलिसी उघडून ते कलम स्वतः वाचा. बरेचदा अपवादाचं कलम लावलेलं असतं पण तो अपवाद तुमच्या घराला कसा लागू होतो हे लिहिलेलं नसतं. तुमचं उत्तर तिथेच द्यायचं. ‘भराव बसला’ म्हणत असतील तर घर पंचवीस वर्षं जुनं आहे आणि याआधी एकही तडा नव्हता हे दाखवणारे फोटो, आणि स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल जोडा.

पहिली तक्रार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे. त्याच वेळी आयआरडीएआयच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या निःशुल्क क्रमांकावर नोंदवता येते. एक महिना उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारे अधिकारी. महाराष्ट्रासाठी त्यांची कार्यालयं मुंबई, ठाणे आणि पुण्याला आहेत. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची भरपाई ते देऊ शकतात आणि त्यांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. मात्र कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत तिथे जावं लागतं, आणि तेच प्रकरण ग्राहक आयोगात किंवा कोर्टात चालू असेल तर लोकपाल ते घेत नाहीत. लोकपालांकडच्या अर्जाला पॉलिसीची प्रत, नकाराचं पत्र, तुमची तक्रार आणि तिची पोच, पंचनामा, आणि पाण्याच्या रेघेचा तो मोजपट्टीसह काढलेला फोटो जोडा.